भाकरी, जीन्स आणि मास्तरांचा पुतळा

गेल्या अंकात मी गरजांच्या उतरंडीबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी विचारलं होतं, की मराठी सिनेमातलं एखादं पात्र तुमच्या मनात घर करून बसलं असेल तर कळवा. त्याला नेमकं काय हवं होतं, ते आपण मिळून शोधू. पत्रं भरपूर आली. ज्यांच्या हाती तो अंक पडला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अब्राहम मॅस्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४३ साली असं मांडलं, की माणसाच्या गरजांना एक क्रम असतो. आधी अन्न, पाणी, झोप. मग सुरक्षितता. मग प्रेम आणि आपलेपणा. मग मान. आणि सगळ्यांच्या वर, आपल्यात जे आहे ते पुरतं फुलावं ही ओढ. खालची गरज बऱ्यापैकी भागली की वरची डोकं वर काढते. अध्यापक विद्यालयात ३३ वर्षं मी हेच शिकवलं. शिकवता शिकवता जे कळत गेलं, त्यातलं बरंचसं आजच्या उत्तरांत येईल.

प्रश्न : ताई, मी डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या नोट्समध्ये पिरॅमिड आहे आणि खाली लिहिलंय, 'भुकेल्या माणसाला प्रतिष्ठेची गरज जाणवत नाही.' मग 'फँड्री'तल्या जब्याचं काय? घरात रोजचे वांधे, तरी त्याला जीन्स हवी, वर्गातली शालू हवी, तिला वश करायला काळी चिमणी हवी. सिद्धांत चूक की जब्या? परीक्षेत काय लिहू? (एक विद्यार्थी, बार्शी)

उत्तर : दोघांचंही चुकलेलं नाही. चुकलंय ते चित्र. १९४३ चा तो मूळ लेख काढून बघितलास तर त्यात पिरॅमिड कुठेच सापडणार नाही. तो त्रिकोण पुढे, १९६० च्या सुमारास, व्यवस्थापनावर लिहिणाऱ्यांनी काढला. फळ्यावर काढायला सोपा, लक्षात राहायला सोपा, म्हणून तोच पुस्तकांत बसला. त्रिकोण काढला की आडव्या रेघा आल्या, आणि रेघ आली की अलीकडचे आणि पलीकडचे आले. मॅस्लोने तर समजुतीसाठी काही कल्पित आकडे दिले होते. साधारण माणसाच्या शारीरिक गरजा समजा ८५ टक्के भागलेल्या असतील, सुरक्षिततेची ७०, प्रेमाची ५०, स्वाभिमानाची ४० आणि सगळ्यात वरची १० टक्के. म्हणजे एकाच माणसात एकाच वेळी सगळ्याच गरजा थोड्या भागलेल्या, थोड्या उपाशी.

'उतरंड' हा शब्द मला आवडतो तो यासाठीच. आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात खरीखुरी उतरंड होती. तळाला जोंधळ्याचं मोठं मडकं, त्यावर डाळीचं, त्यावर आणखी लहान, अशी वरपर्यंत. तळाचं मडकं भरलेलं नाही म्हणून आजीने वरची गाडगी कधी रिकामी ठेवली नाहीत. ज्या वर्षी जोंधळा खरवडून काढावा लागे, त्याही वर्षी सगळ्यात वरच्या गाडग्यात नातवंडांसाठी मूठभर शेंगदाणे असायचे.

आता जब्याकडे बघ. तो भुकेने कळवळलेला मुलगा नाही. चार घास मिळतात, पण ते कुणाच्या तरी उपकाराचे, हलकं समजलेलं काम करून मिळवलेले. त्याची जी गरज रोज, भर रस्त्यात दुखावली जाते ती मानाची. डुकराला कैकाडी बोलीत फँड्री म्हणतात, आणि गाव त्याच्या घराला त्याच शब्दाने ओळखतं. म्हणून डुकरं धरायला तो जीव गेला तरी जायला बघत नाही. जीन्स त्याला नटायला नको आहे. शालूच्या वर्गात बसणारा, बाकीच्यांसारखाच एक मुलगा म्हणून दिसायला हवी आहे.

आणि त्याच घरात त्याचा बाप आहे, कचरू. लोक जब्यावर भरभरून लिहितात आणि कचरूला एका ओळीत संपवतात, ते मला पटत नाही. कचरूला मुलीचं लग्न करायचंय, त्याला पैसे हवेत. त्याची सगळी धडपड सुरक्षिततेच्या मडक्यासाठी चालली आहे, आणि तिच्यासाठी त्याने मानाचं गाडगं कधीच उतरवून ठेवलंय. पोरगा लपून बसतो तेव्हा तो सगळ्यांसमोर त्याला बडवतो. मला तिथे दरवेळी वाटतं, की तो पोराला मारत नाही, पोराच्या रूपाने समोर उभ्या राहिलेल्या आपल्या जुन्या स्वाभिमानाला मारतोय. एका झोपडीत दोन वेगवेगळ्या गरजा समोरासमोर आल्या की घरात किती आग लागते, ते त्या प्रसंगात दिसतं.

राष्ट्रगीत सुरू होतं तो प्रसंग आठव. डुक्कर हाताशी आलेलं, शाळेत गीत सुरू झालं, जब्या ताठ उभा राहिला, मागोमाग सगळं घर उभं राहिलं आणि डुक्कर निसटलं. पोटाचा प्रश्न समोरून पळून जात असताना ते कुटुंब देशाला मान देतं. मग ज्या भिंतीवर आंबेडकर, फुले, शाहू महाराज रंगवलेत तिच्यावरूनच ते डुक्कर खांद्यावर घेऊन जातात. आणि शेवटी चिडवणाऱ्यांवर भिरकावलेला दगड. तो दगड जब्याने भाकरीसाठी मारलेला नाही.

एक प्रसंग सांगते. १९९० च्या आसपास माझ्या वर्गात एक मुलगा होता. सकाळच्या पाठाला पाच किलोमीटर चालत यायचा. एकदा फळ्यापाशी उभा असतानाच त्याला घेरी आली. विचारल्यावर कळलं, आदल्या दुपारपासून पोटात काही नाही. मी त्याच्या शर्टाकडे बघत राहिले. बाहीवर अशी घडी, की धार लागेल. त्याला खोलीवर पोचवायला गेलो, तर चुलीजवळ एक पितळी तांब्या होता. बूड काळं पडलेलं, आत राख. अंघोळीच्या पाण्याला चूल पेटवायची, तिचे निखारे तांब्यात भरायचे आणि त्या तांब्याने शर्टाला इस्त्री करायची, हा त्याचा रोजचा नेम. शिजवायला तांदूळ नव्हते, पण निखारे त्याने वाया घालवले नव्हते. मी रागाने म्हटलं, "अरे, शेजारी मागायचं ना!" तो म्हणाला, "बाई, मागायचं असतं तर शर्ट कशाला इस्त्री केला असता?"

परीक्षेत हे लिही : मॅस्लोने स्वतःच त्या लेखात अपवाद दिले आहेत. काही माणसांत प्रेमापेक्षा स्वाभिमान आधी येतो, काहींत निर्मितीची ओढ सगळ्यांच्या आधी येते, आणि काही जण एखाद्या तत्त्वापायी सगळंच सोडतात. अपवादाखाली जब्याचं नाव लिही. आणि त्यानंतर, गुण मिळोत न मिळोत, एक वाक्य जोड : 'भुकेल्याला मानाची गरज जाणवत नाही, हे वाक्य बहुधा पोट भरलेल्या माणसाने लिहिलं असावं.' उद्या तू शिक्षक होणार आहेस. तुझ्या वर्गात असा शर्ट येईल.

प्रश्न : 'नटरंग'च्या गुणाला तुम्ही गेल्या अंकात 'स्वतःला पुरतं फुलवणारा' म्हणालात. मला हे पटलं नाही. विहिरीवर इंजिन बसलं, काम गेलं, म्हणून त्याने तमाशाचा फड काढला. पोटासाठी केलेल्या गोष्टीला मोठे शब्द लावू नयेत. कला ही पोट भरल्यावरची गोष्ट आहे. (एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली)

उत्तर : काम गेलं म्हणून फड काढला, हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर. पण काम गेलेल्या माणसाला तेव्हा काय काय करता आलं असतं ते बघा. मुंबईची वाट धरता आली असती, ऊसतोडीला जाता आलं असतं, दुसऱ्याच्या बांधावर रोजंदारी शोधता आली असती. फड काढणं ही त्यातली सगळ्यात बेभरवशाची वाट. भुकेने त्याला ढकललं हे खरं, पण कुठल्या दिशेला पडायचं हे त्याच्या आतल्या ओढीने ठरवलं. एकाच कृतीत दोन-तीन गरजा एकत्र असतात, हेही मॅस्लोने लिहून ठेवलंय आणि नेमकं तेच कुणी शिकवत नाही.

आता किंमत बघा. गुणा पैलवान आहे. गावात पैलवानाच्या शरीराला काय मान असतो, हे कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांना सांगायला नको. तालमीतून निघालेला पोरगा रस्त्याने चालला की म्हातारी माणसंसुद्धा पाठीवर थाप मारतात. ते शरीर ही त्याची सगळी इस्टेट. त्याला वगातला राजा व्हायचं होतं. पण नाच्या असल्याशिवाय बाई फडावर उभी राहायला तयार नाही, आणि नाच्या व्हायला कुणी पुढे येईना. तेव्हा तो स्वतः उभा राहतो. घाम गाळून कमावलेलं अंग उतरवतो, चाल बदलतो, हात बदलतो. फड जगावा म्हणून त्याने मान सोडला. पायऱ्यांच्या भाषेत बोलायचं तर वरच्या पायरीवर पाय ठेवायला त्याने खालची पायरीच उखडून काढली. पुढे त्याच्या वाट्याला जी चेष्टा आणि जे अत्याचार येतात, ते या एका निर्णयाचं देणं आहे.

दादासाहेब फाळक्यांची गोष्ट याच्याजवळ ठेवून बघा. ती तर घडलेली आहे. १९११ साली त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि वेड लागल्यासारखे सिनेमे बघत सुटले. इतके, की काही काळ दृष्टी गेली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडनला गेले. परत येऊन 'राजा हरिश्चंद्र' काढला, तो ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागला. पोरंबाळं घरात असताना विमा गहाण टाकणारा माणूस सुरक्षिततेच्या पायरीवर थांबलेला नसतो. आणि त्या चित्रपटातली तारामती कोण? उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके. स्त्री कलाकार मिळेना म्हणून साडी नेसून पुरुष उभा राहिला. गुणाच्या आधी साठेक वर्षं.

पण या दोन घरांत मोठा फरक आहे, आणि माझं मन तिथेच अडकतं. सरस्वतीबाई फाळके त्या वेडात सामील होत्या. फिल्मला भोकं पाडण्याचं यंत्र त्या चालवायच्या, एवढी माणसं घरी राबत असताना त्यांचं जेवणखाण त्या बघायच्या. गुणाच्या बायकोला, द्वारकीला, कुणी विचारलंच नाही. तिला गावात चार बायकांत ताठ मानेने पाण्याला जायचं होतं. तिची गरज साधी आणि पूर्णपणे रास्त होती. ती गुणाकडे पाठ फिरवते तेव्हा लोक तिला कोती म्हणतात. मला ती कोती वाटत नाही. गुणाने आपला मान स्वखुशीने दिला. तिचा मात्र तिच्याकडून न विचारता घेतला गेला.

प्रश्न : हा सिद्धांत अमेरिकेतला. तिथे माणूस एकटा सुटा असतो. आपल्या माणसांना तो का लावायचा? (एक वाचिका, बेळगाव)

उत्तर : जपूनच लावायचा. मॅस्लो १९३८ च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या अल्बर्टा भागात ब्लॅकफूट लोकांमध्ये राहून आला होता. तिथे साठवणाऱ्यापेक्षा वाटून टाकणाऱ्याला मान, हे बघून तो चकित झाला होता. आपल्याला यात चकित होण्यासारखं काही नाही. आपल्याकडे आई सगळ्यांना वाढून मग ताटावर बसते, तिची भूक आणि तिची माया वेगळ्या पायऱ्यांवर कशी ठेवणार? मी हा सिद्धांत माणसाला पायरीवर बसवायला वापरत नाही. 'हा माणूस सगळं सोडेल, पण काय सोडणार नाही?' एवढा एक प्रश्न विचारायला वापरते. तो बेळगावात चालतो, बॉस्टनमध्येही चालतो.

प्रश्न : मी ४१ वर्षांची, अंगणवाडी पर्यवेक्षिका. पदोन्नती झाली आहे, पण दुसऱ्या जिल्ह्यात. मुलगी सातवीत. सासूबाई म्हणतात, "तुला इथे काय कमी आहे?" मी त्यांना उत्तर देऊ शकले नाही. त्याच आठवड्यात 'उंबरठा' पुन्हा पाहिला आणि रात्रभर जागी राहिले. सुलभालाही काही कमी नव्हतं. ती गेली आणि शेवटी घर गमावून बसली. तिचं चुकलं का? (एक वाचिका, नाशिक जिल्हा)

उत्तर : ताई, 'काय कमी आहे' हा प्रश्न विचारणारं माणूस वाईट नसतं. ते फक्त खालची मडकी मोजत असतं. सासूबाईंच्या तरुणपणी तीच भरताना आयुष्य गेलं असेल, तर त्यांना ती भरलेली दिसणं हेच सुख वाटणार. सुलभाच्या घरी तर सुशिक्षित माणसं होती, वकील नवरा सुभाष होता, समाजकार्य करणारी सासू होती. तरी तिला काय हवंय ते त्यांना कळलं नाही. तिला घर नको नव्हतं. जे शिकली ते हाताने करून बघायचं होतं.

१९८२ साली हा चित्रपट आला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आमच्या वसतिगृहातल्या मुली बघून आल्या आणि दोन तट पडले. निम्म्या म्हणाल्या बरोबर गेली, निम्म्या म्हणाल्या लेकराला टाकून गेली. मी दुसऱ्या तटात होते, आज नाही. पण पहिल्या तटातल्या मुलींशीही मी पूर्ण सहमत नाही, कारण चित्रपट स्वतः काही लपवत नाही. मुलगी जावेपाशी रमते, आईला परकी होते. परत आल्यावर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आहे हे कळतं. सुलभा पुन्हा बाहेर पडते आणि तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नसतो. स्मिता पाटील यांनी तो चेहरा असा ठेवलाय, की आपल्याला ना टाळ्या वाजवता येत, ना हळहळता येत.

तेव्हा सुलभाचं चुकलं का, याच्या उत्तरावर तुमचं काही अवलंबून ठेवू नका. तिच्या वेळी संध्याकाळी मुलीचा चेहरा मोबाइलवर बघण्याची सोय नव्हती, आणि तुमचा नवरा सुभाष नाही. पण एक सांगते. तुमच्या मूळ पत्रात तिसऱ्या ओळीत तुम्ही लिहिलंय, 'हे चांगले आहेत.' पुढच्या सव्वादोन पानांत त्यांनी या पदोन्नतीबद्दल काय म्हटलं ते कुठेच नाही. सासूबाई बोलल्या, मुलगी रडली, शेजारणीसुद्धा बोलल्या. ते गप्प आहेत, की तुम्ही विचारलंच नाही? आधी त्यांना विचारा, आणि स्वयंपाक करता करता नको, समोर बसून विचारा. दुसरं, पूर्ण पत्रात नव्या कामाबद्दल एकच ओळ आहे : 'तिथे दीडशेच्या वर अंगणवाड्या आहेत.' तुमच्या लक्षात आलं की नाही ठाऊक नाही, पण त्या ओळीखाली तुम्ही पेनाने रेघ ओढली आहे. दोनदा.

प्रश्न : 'पिंजरा'तले मास्तर स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली फासावर जातात, पण गावाचा आदर्श मोडू देत नाहीत. मी ३६ वर्षं मुख्याध्यापक होतो. माझ्या मते मॅस्लोच्या सर्वोच्च पायरीवर बसलेलं मराठी चित्रपटातलं हे एकमेव पात्र. शिक्षकाने चुकूच नये, आणि चुकला तर किंमत द्यावी. (एक निवृत्त मुख्याध्यापक, कराड)

उत्तर : सर, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मतभेद आहे, तो आदराने मांडते.

गोष्ट वाचकांना आठवत असेलच. तमाशाला विरोध करणारा आदर्श शिक्षक, तमाशातल्या चंद्रकलेच्या मोहात पडतो. एका प्रेताला मास्तरांचे कपडे चढवले जातात, गाव समजतं की मास्तर मारले गेले, आणि त्यांचा पुतळा उभा राहतो. इकडे खरा मास्तर फडात पडेल ते काम करत, अपमान गिळत जगतो. पुढे त्यालाच मास्तरांचा खुनी म्हणून पकडतात. 'मीच तो' एवढं सिद्ध केलं तर तो जगेल. तो करत नाही.

तत्त्वापायी सगळं सोडणारी माणसं मॅस्लोने अपवादांत गणली आहेत, ते वर आलंच आहे. मास्तर त्यांतले, असं तुम्ही म्हणता. मला ते दुसऱ्या अपवादातले वाटतात, ज्यांच्यात मान प्रेमाच्याही पुढे उभा असतो. चंद्रकलेने त्यांना पडलेलं पाहिलं होतं, तरी ती त्यांना धरून राहिली. ते प्रेम त्यांच्या पुढ्यात होतं. पण ज्या प्रेमात आपली चूक माहीत असलेलं माणूस समोर असतं, ते त्यांना पुरलं नाही. त्यांना पुतळ्याचा चेहरा हवा होता, ज्यावर एकही डाग नाही. गावासाठी ते मेले हे खरं असेल. पण गावाला खरं कळलं असतं तर गाव मोडलं असतं, हे त्यांनी एकट्याने ठरवलं. गावाला एकदा विचारलं असतं तर?

हा चित्रपट मी तंबूत पाहिला. माण तालुक्यात, १९७३ चा उन्हाळा. बहात्तरच्या दुष्काळाने सगळं करपलेलं. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घरात रेशनचा तांबडा मिलो जोंधळा, पोरांना सुकडी. यात्रा नावापुरती भरली होती, पण टुरिंग टॉकीज आली होती. आईने मजुरीतून माझं आणि तिचं तिकीट काढलं. मी दहा वर्षांची. मध्ये पडदा लावून एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, खाली वाळू. रीळ बदलताना अंधार व्हायचा तेव्हा आजूबाजूच्या बायकांच्या बांगड्या तेवढ्या वाजायच्या. आईच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या, खडीने सोललेल्या बोटांना. त्या चिंध्यांनीच ती डोळे पुसत होती. घरात दुसऱ्या दिवशीचा मिलो मोजून ठेवलेला असताना त्या तंबूभर बायका मास्तरांच्या अब्रूसाठी रडल्या. बार्शीच्या विद्यार्थ्याने हेही लिहून घ्यावं.

परत येताना बांधावरून चालता चालता आई म्हणाली, "एवढा शिकलेला माणूस, पण 'चुकलो' म्हणायला त्याच्याकडं एक माणूस नव्हतं गं."

सर, मीही शिक्षक होते. गावात शिक्षकावर केवढं ओझं असतं ते मला ठाऊक आहे. चहाच्या टपरीवर बसायची चोरी, मोठ्याने हसायची चोरी. तुम्ही ३६ वर्षं ते वाहिलंत. 'चुकूच नये' हे तुम्ही लिहिलंत तेव्हा तुमचं अक्षर बाकीच्या पत्रापेक्षा बारीक झालंय. तुम्हाला मनातलं काही लिहावंसं वाटलं तर ते पत्र मी छापणार नाही.

प्रश्न : मी कर्करोगाच्या रुग्णालयात, मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे. 'श्वास'मधले आजोबा शस्त्रक्रियेआधी नातवाला कुणाला न सांगता बाहेर घेऊन जातात. सगळे त्यांचं कौतुक करतात. मला मात्र त्या वॉर्डातल्या धावाधाव करणाऱ्या सिस्टर दिसतात. परवा आमच्याकडे एक आठ वर्षांचा मुलगा होता, दुसऱ्या दिवशी पाय काढायचा होता. रात्री तो कॉरिडॉरमध्ये लंगडत लंगडत पळत होता. मी त्याला रागावून खाटेवर बसवलं. तेव्हापासून मला झोप नाही. (एक परिचारिका, कोल्हापूर)

उत्तर : सिस्टर, आधी हे ऐका : तुम्ही त्याला थांबवलंत ते बरोबर केलंत. गाठीने पोखरलेलं हाड पळताना मोडू शकतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. 'श्वास'मधल्या आजोबांनीही न सांगता जायला नको होतं. मूल हरवलं म्हणून ज्यांच्या तोंडचं पाणी पळालं, त्यांची गरजही खरी होती.

आजोबा शस्त्रक्रियेच्या विरोधात नाहीत. नातवाचा, परशाचा, जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार, हे त्यांनी गिळलंय. पण रुग्णालयाने एकच गरज हातात धरली आहे, जीव वाचण्याची. आजोबांना दुसरीही दिसतेय. मॅस्लोची उतरंड कुठली गरज मोठी ते सांगते, पण कुठल्या गरजेला किती वेळ उरलाय ते सांगत नाही. जीव उद्याही वाचवता येणार होता. बघायचं होतं ते आजच. कोकणातल्या त्या म्हाताऱ्याने पुस्तक न वाचता हा हिशोब केला. म्हणून तर 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी एका मराठी चित्रपटाला सुवर्णकमळ मिळालं, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये सगळे एकमेकांना त्या एका दिवसाबद्दलच सांगत होते.

डॉक्टरांचा एक आग्रह मला फार मोलाचा वाटतो. मुलाला आधी सांगा, त्याला अंधारात ठेवून त्याचे डोळे काढू नका. तुमच्या वॉर्डातही हे करता येईल. दाखल करताना वजन, रक्तगट, कशाची अ‍ॅलर्जी हे तुम्ही विचारता. त्याच कागदावर खाली एक ओळ वाढवा : 'उद्याच्या आधी तुला काय करायचंय?' कुणी म्हणेल चिंच खायचीय, कुणी म्हणेल बहिणीशी बोलायचंय. पळायचंय म्हणाला तर चाकाच्या खुर्चीत बसवून तुम्ही पळा.

तुमचा तो मुलगा अजून वॉर्डात असेल. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, त्या रात्री किती फेऱ्या झाल्या होत्या. आठ वर्षांची मुलं मोजतात. त्याला आकडा पाठ असणार.